फुटाला एक सूत

१२ फेब्रुवारी १९९५, रविवार

आज मंडळाच्या मीटिंगमध्ये मी एकीकडे आणि अख्खी वरची चाळ दुसरीकडे, असा सामना झाला. जिंकलो मीच.

ही कंपनीची डायरी दर जानेवारीला मिळते आणि दिवाळीपर्यंत तिच्या पानांच्या पुड्या होतात. यंदा म्हटलं, कामाची नोंद ठेवू. उद्या कोणी म्हणायला नको की हे अमक्यातमक्याने केलं. सगळं मी, धोंडिबाने, केलेलं आहे.

विषय जयंतीच्या चित्ररथाचा. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत दर वर्षी आपल्या ट्रकवर तेच थर्माकोल, तेच दिवे. मी म्हटलं, यंदा कालवा करू. खऱ्या पाण्याचा. होडी खालून वर चढेल आणि पलीकडे उतरेल.

आमचा अध्यक्ष सहदेव पस्तिशीचा, बोलायला फटकळ. म्हणाला, "होडी चढणार? काका, बरे आहात ना?"

मी मासिक पुढे टाकलं. कोलशेतला आमच्या कंपनीत साहेबांचं वाचून झालं की इंग्रजी इंजिनिअरिंगची मासिकं आमच्या पॅटर्नशॉपमध्ये, म्हणजे लाकडी नमुन्यांच्या खात्यात, येतात. त्यात आयर्लंडच्या एका कालव्याचे फोटो आहेत. गेल्या वर्षी तो पुन्हा सुरू झाला.

"आयर्लंड कुठं, कोळसेवाडी कुठं?" सहदेव म्हणाला.

"बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं बघत होते, तेव्हा पाटबंधाऱ्याचं काम कोणाकडे होतं?"

मग मागून कोणीतरी टाळी वाजवली आणि ठराव पास झाला. फक्त सहदेव जाता जाता म्हणाला की होडी नाही चढली तर पुढच्या वर्षी काका नारळपाण्याच्या स्टॉलवर. चालेल म्हटलं.

१९ फेब्रुवारी, रविवार

शालनने लेख वाचून समजावला. माझी मुलगी एस.वाय.ला आहे, इंग्रजी फाडफाड वाचते.

कालवा साधारण साठ किलोमीटरचा. दोन मोठ्या नद्यांना जोडणारा. मधे जमीन उंच, म्हणून एका बाजूने आठ पायऱ्या चढायच्या, वर एक तळं लागतं, मग आठ पायऱ्या उतरायच्या. पायरी म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेली दगडी खोली. होडी खालून आत घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, वरचं पाणी हळूहळू आत सोडायचं. खोली भरते तशी होडी वर येते. मग पुढचे दरवाजे उघडायचे आणि चालू पडायचं. इंजिन नाही, क्रेन नाही. पाणीच होडीला उचलतं. मी तीनदा वाचायला लावलं, एवढं आवडलं.

दरवाजांची गंमत तर औरच. दोन पाती सरळ रेषेत मिळत नाहीत, वरच्या पाण्याकडे टोक काढून मिळतात. पाणी जितकं रेटतं तितकी ती घट्ट बसतात. ज्याने हे पहिल्यांदा सुचवलं त्याला माझा जयभीम.

"पण बाबा, हा कालवा फेल गेलेला," शालन म्हणाली. "दुष्काळाच्या काळात हजारो मजुरांनी फावड्यांनी खणला. चौदा वर्षं लागली. आणि नऊ वर्षांत बोटी गेल्या किती? आठ."

"आठशे?"

"आठ. तोपर्यंत रेल्वे आलेली. मग सव्वाशे वर्षं नुसतं गवत."

हे सहदेवला सांगायचं नाही असं ठरलं.

आणखी एक. कालवा खणला तेव्हा तिथे सीमा नव्हती. पन्नास-साठ वर्षांनी देशाचे दोन भाग झाले आणि रेषा कालव्यावरूनच गेली. आता दोन्हीकडच्यांनी मिळून तो दुरुस्त केला. माझी बायको मंजुळा भाकरी थापता थापता ऐकत होती. म्हणाली, "पहिलं बोलायला कोण गेलं?" लेखात ते दिलेलं नाही.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

आराखडा तयार. सोळा पायऱ्या ट्रकवर मावत नाहीत. दोन करायच्या, एक चढायची, एक उतरायची, मधे तळं. खोली बावीस इंच रुंद. दरवाजाचं एकेक पातं बारा इंचाचं, सागाचं. दरवाजे आणि होडी माझ्याकडे.

मोजायला माझी पट्टी आहे. आमचे उस्ताद रिटायर होताना त्यांनी मला दिली. शिसवी लाकूड, पितळी टोकं, वापरून वापरून वरचे शिक्के पुसलेत पण रेघा सुईसारख्या. बाजारातल्या टेपांवर माझा विश्वास नाही. घरातलं सगळं सामान मी याच पट्टीने केलं. मांडणी तेवढी कोनाड्यात बसत नाही, पण तिथे भिंतच वाकडी आहे.

५ मार्च, रविवार

पत्र्याची टाकी करून बघितली. चार ठिकाणी गळते. वेल्डरने हात वर केले. विटेचं बांधकाम करून आतून सिमेंटचा घोटीव गिलावा द्यायचा, एवढाच मार्ग आहे.

सहदेव म्हणाला, "मग कुंडलिकमामांशिवाय पर्याय नाय. अख्ख्या कल्याण पूर्वेला त्यांच्या टाक्या आहेत, एक गळत नाय."

मी म्हटलं, मंडळाने कोणालाही बोलवावं, मी त्या माणसाशी बोलणार नाही.

कुंडलिक म्हणजे मंजुळाचा धाकटा भाऊ. गवंडी. राहतो खालच्या चाळीत, आमच्यापासून पाच मिनिटांवर. एके काळी आम्ही दोघे एका ताटात जेवलेलो. त्या गोष्टीचा मी कधीच विचार करत नाही, पण नोंद म्हणून लिहितो. अठ्ठ्याऐंशीची जयंती. दोन्ही चाळींची मिळून एकच मिरवणूक असायची. नाक्यावर सोळा फुटांची कमान लावायची ठरली. खांब त्याने बांधले, वरची लाकडी कमान मी केली. चढवायला गेलो तर बसेना. बरोबर दोन इंच कमी जागा. हजार माणूस खाली उभं. माझ्या हातात माइक होता. मी म्हणालो, "गवंड्याचा हात चळला, त्याला आम्ही काय करणार?" लोक हसले. तो खाली मान घालून निघून गेला. पुढच्या वर्षी खालच्या चाळीची मिरवणूक वेगळी निघाली.

आता खांब चुकले तर चुकले म्हणायचं नाही का? माइकवर म्हणायची गरज नव्हती, हे मान्य. पण चुकलेच होते.

त्या दिवशी घरी येऊन मी मंजुळाला म्हणालो की त्या घराची पायरी चढायची नाही. रागात माणूस बोलतो. तिने मनावर घेतलं. सात वर्षं झाली, ती माहेरी गेलेली नाही. मी काय तिला बांधून ठेवलंय?

१२ मार्च, रविवार

कुंडलिकने होकार दिला. अट नाही, काही नाही. यात काहीतरी डाव असणार.

दोन्ही चाळींच्या मधे ट्रकवाल्याची रिकामी शेड आहे, तिथे फळ्यांचा बारा फुटी पाट मांडलाय; कालवा त्यावर बांधून पाटासकट ट्रकवर चढवायचा. तो कामावर जायच्या आधी सकाळी सहा ते आठ येणार, मी कंपनीतून आल्यावर संध्याकाळी. म्हणजे तोंड बघायला नको. आराखडा शालनने नेऊन दिला. येऊन म्हणाली, "मामाने दोन मिनिटांत समजून घेतला. चहात आलं कमी होतं आज." आज म्हणजे काय, ते मला कळलं नाही.

२१ मार्च, मंगळवार

काम वेगात चाललंय. शेडमध्ये पाटाच्या कडेला खडूने लिहिलेलं होतं:

"दाजी, दरवाजाखालचा उंबरा केलाय, ओला आहे. उद्यापर्यंत हात लावू नका."

सात वर्षांनी कोणी मला दाजी म्हटलं. अक्षर मात्र अजून कोंबडीचे पाय. मी खाली लिहिलं, "ठीक. बिजागरीसाठी खाच ठेवणे."

२६ मार्च, रविवार

खाच ठेवलीय, आणि काय ठेवलीय! कडेला बोट फिरवलं तर काचेसारखी. घरी येऊन तसं म्हणालो. मंजुळा पाठमोरी होती. "त्याचा हात अजून तसाच आहे का?" एवढंच विचारलं. म्हटलं, गिलाव्यात आहे, मापाचं बघू.

संध्याकाळी तिने सुकट आणि भाकरीचा डबा दिला. "शेडमध्ये ठेवा," म्हणाली. काम करताना भूक लागली, खाल्ला. सुकट फार दिवसांनी इतकी चविष्ट झाली होती.

२७ मार्च, सोमवार

खडूने: "दाजी, डबा रिकामाच मिळाला."

मी मंजुळाला विचारलं की तो डबा कोणासाठी होता. तिने असं बघितलं की पुढे विचारलं नाही. आज दोन डबे दिले.

२ एप्रिल, रविवार

होडी झाली. हातभर लांब, तळाला शिसं, एका बाजूला कलत नाही. दरवाजेही झाले. खडूची चर्चा आता पाटावर मावत नाही म्हणून भिंतीवर सुरू झालीय. तो विचारतो वरच्या तळ्यात पाणी कमी पडलं तर? मी लिहितो, खालचं पंपाने परत वर, तेच पाणी फिरवायचं, एप्रिलात एक बादली वाया गेली तर बायका आपल्याला फिरवतील. त्याने खाली हसणारं तोंड काढलं. चव्वेचाळीस वर्षांचा घोडा.

सहदेवने एवढं वाचून विचारलं, "तुम्ही दोघं सरळ बोलत का नाय?" त्याला तांत्रिक गोष्टी कळत नाहीत.

६ एप्रिल, गुरुवार

दरवाजे बसवले, पाणी सोडलं. सत्यानाश! पाती एकमेकांना भिडतात, पण खाली उंबऱ्यावर बसत नाहीत. टोक पुढे जातं आणि तळातून धो धो पाणी. चारही दरवाजांचं तेच. होडी चिखलात बसली. आठ दिवस उरलेत.

मी भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: "चेंबर दोन सूत आखूड. पुन्हा तेच."

७ एप्रिल, शुक्रवार

शेडमध्ये गेलो तर थापी, ओळंबा, घमेलं, सगळं नेलेलं. भिंतीवर माझ्या ओळीखाली एवढंच: "माप तीनदा घेतलंय."

सहदेव डोकं धरून बसला होता. म्हणाला खालची चाळ एकत्र मिरवणुकीला तयार झालेली, आता पुन्हा बिनसलं. मला हे कोणी सांगितलंच नव्हतं.

घरी आलो तर मंजुळा चपला घालून उभी. "चला."

"कुठे?"

"शेडमध्ये. कमानीच्या वेळीपण तुम्ही हेच म्हणालेलात. आज मी मोजते."

गळ्यात शिवणकामाची टेप. तिने खोली मोजली, बावीस इंच. दुसरी मोजली, बावीस. मग दरवाजाचं पातं काढायला लावलं आणि त्यावर टेप धरली. बारा इंच आणि वर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. दुसरं, तसंच. आठही पाती तशीच.

मी म्हटलं, "टेप ताणली गेली असेल."

"या टेपेवर वीस वर्षं ब्लाऊज शिवते. एक परत आला नाय." आणि तिने टेप माझ्या पट्टीच्या शेजारी ठेवली.

तिचे बारा इंच माझ्या बारा इंचांच्या एक सूत आधीच संपले. मी पट्टी पिशवीत घातली.

८ एप्रिल, शनिवार

कंपनीत पट्टी नेली. तपासणी खात्यातल्या पट्टीला लावून बघितली. फुटाला एक सूत जास्त.

मी तीस वर्षं पॅटर्नमेकर आहे. ओतीव कामाचे लाकडी नमुने करतो. वितळलेलं लोखंड थंड होताना आखडतं, म्हणून नमुना मुद्दाम तेवढा मोठा करायचा, आणि त्यासाठी आमच्या पट्ट्याच वेगळ्या असतात. फुटावर एक सूत वाढवून आखलेल्या. दिसायला साध्या पट्टीसारख्याच, फक्त शिक्का असतो. उस्तादांच्या पट्टीचा शिक्का पुसलेला होता. पोराटोरांना मी रोज ओरडतो, की ही पट्टी शॉपच्या बाहेर न्यायची नाही. आणि माझ्याच घरात तीच! मांडणी कोनाड्यात का बसत नाही ते आज कळलं. भिंत सरळ आहे.

मग दुसरा हिशेब आपोआप झाला. कमान सोळा फुटांची. सोळा फूट, सोळा सूत. सोळा सूत म्हणजे दोन इंच.

खांब बरोबर होते.

मी बाकावर बसलो. जेवणाची सुट्टी झाली, संपली, भोंगा झाला, तरी बसलेलो. उद्या रविवार आहे. उद्या जायचं. मला फार लाज वाटते आहे, हे इथे लिहून ठेवतो.

९ एप्रिल, रविवार

सकाळी आठला गेलो. पट्टी घेऊन. मंजुळाला चल म्हटलं तर म्हणाली, "आधी तुमचं तुम्ही करा."

दारात त्याची बायको मालन तांदूळ निवडत होती. मला बघून सूप बाजूला ठेवलं आणि आत हाक मारली, "अहो, दाजी आलेत." जसा मी कालच येऊन गेलेलो.

कुंडलिकचे केस पिकलेत. मला वाटायचं तो अजून तसाच असेल. मी बसलो नाही. रात्रभर जे ठरवलं होतं ते सगळं विसरलो. पट्टी त्याच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणालो, "ही चुकीची आहे. फुटाला एक सूत. दरवाजेही माझे चुकले. कमानही माझी चुकली. तुझे खांब बरोबर होते, कुंडलिक. माइकवर बोललो तेही चुकलं."

त्याने पट्टी उचलली, खिशातली टेप काढून लावली. एकदा, दोनदा, तीनदा. मग खालीच बसला.

"दाजी, त्या दिवसापासून मी प्रत्येक माप तीन-तीनदा घेतो. वाटायचं, हातच गेला आपला. दुसऱ्याच्या घराची भिंत बांधताना झोप लागायची नाय. म्हणायचो, माझं काम कुठं वाकडं निघालं तर?"

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सात वर्षं मी ऐटीत फिरत होतो आणि इकडे हा माणूस प्रत्येक वीट तीनदा मोजत होता. मला रडू आलं. चांगलं मोठ्याने आलं, लपवत नाही. मालनने पाणी आणलं. मग कुंडलिकला हसू फुटलं. हसता हसता म्हणाला, "म्हणजे तुमच्या घरातलं सगळं सामान...?" मी म्हटलं, सगळं. मांडणी, स्टूल, शालनचं टेबल. तो पोट धरून भिंतीला टेकला. मलाही हसू आवरेना. मालन म्हणाली, "आता जरा श्वास घ्या दोघं."

तिथून थेट शेडमध्ये. त्याने पाती धरली, मी रंधा मारला. लांब असलेलं तासता आलं, हे नशीब. दुपारी पहिला दरवाजा लावला, पाणी सोडलं. उंबऱ्यावर असा बसला की थेंब नाही. होडी बोट-बोट करत वर आली. आम्ही दोघे उकिडवे बसून बघत होतो. खडूची गरज पडली नाही, तोंडाने एवढं बोललो की घसा बसला.

१५ एप्रिल, शनिवार

काल काय वर्णावं! दोन्ही चाळींची एक मिरवणूक, पुढे लेझीम, मधे आमचा ट्रक. ट्रकवर सहदेवने बोर्ड लावला, "आयर्लंडचा कालवा, कोळसेवाडी."

पहिल्याच चौकात रस्ता एका अंगाला उतरता, पाणी सगळं एकीकडे, होडी तिरकी. लोक हसायला लागले. कुंडलिकने ओळंबा काढला, ड्रायव्हरला म्हणाला, "डाव्या चाकाखाली विटा घे. अजून एक. बास." तळं सपाट झालं. मग शालनने दरवाजा लावला, झडप उघडली. पाणी खोलीत शिरलं, होडी हलली, वर आली. चारी बाजूंनी आरोळी उठली. उतरताना तर एक म्हातारी पुढे येऊन होडीच्या पुढ्यात फूल ठेवून गेली. प्रत्येक चौकात दोनदा दाखवावं लागलं. आठ बोटींचा कालवा आम्ही काल एका संध्याकाळी किती वेळा चालवला, मोजलं नाही.

नाक्यावर सहदेवने माइक माझ्या हातात दिला. ज्या जागी पूर्वी बोललो होतो तिथेच बोललो. कमानीची गोष्ट सगळी सांगितली, पट्टीसकट. या वेळी लोक हसले ते मला. बरं वाटलं.

मंजुळा बायकांमध्ये होती. मिरवणूक संपली तेव्हा ती आमच्या गल्लीकडे वळली नाही. मालनचा हात धरून सरळ खालच्या चाळीकडे गेली.

१८ एप्रिल, मंगळवार

मंजुळा अजून आलेली नाही. शालनबरोबर निरोप, आठ दिवस राहणार, डाळ डाव्या डब्यात आहे. मी वरण केलं. शालनने एक घास खाल्ला आणि मामाकडे अभ्यासाला गेली.

संध्याकाळी मीही गेलो. म्हटलं, कालव्याचं सामान कुठे ठेवायचं ते कुंडलिकला विचारू.

मंजुळा ओट्यावर पाय पसरून बसली होती. मालन तिच्या डोक्याला तेल लावत होती. ती काहीतरी सांगत होती आणि मालन हसत होती. बोलताना तिचा हात हवेत फिरत होता. लग्न झालं तेव्हा ती अशी बोलायची. मधे कधी बंद झालं, मला कळलंच नाही. मी कोपऱ्यावरच थांबून थोडा वेळ बघत राहिलो.

मग तिचं लक्ष गेलं. ती उठली नाही, पदर सावरला नाही, घाई केली नाही. आत तोंड करून तिने हाक मारली, "कुंडलिक, पाट मांड रे. आपल्याकडे जावई आलेत."